परदेशी निवृत्तांसाठी भारताचे दार : विवाहानंतरचा व्हिसा आणि अटींची साखळी

नवी दिल्ली : निवृत्तीनंतरचे आयुष्य भारतात घालवू इच्छिणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी भारताच्या व्हिसा व्यवस्थेत स्वतंत्र वर्ग नाही. पर्यटन, व्यवसाय, नोकरी, शिक्षण, वैद्यकीय उपचार, परिषद अशा अनेक कारणांसाठी व्हिसा दिला जातो. मात्र 'निवृत्तिवेतनावर जगणारा रहिवासी' हे त्यातले कारण नव्हे. त्यामुळे भारतीय वंशाचा आधार नसलेली साठ-पासष्ट वर्षांची परदेशी व्यक्ती भारतीय नागरिकाशी विवाहबद्ध होते, तेव्हा तिच्या दीर्घ वास्तव्याचा जवळपास सारा भार त्या विवाहावरच पडतो. आणि जो हक्क विवाहामुळे मिळतो, तो विवाहासोबत जाण्याचीही शक्यता असते.

१ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५' लागू झाल्याने या विषयाला नव्याने महत्त्व आले आहे. १९२० चा पासपोर्टविषयक, १९३९ चा परकीयांच्या नोंदणीविषयक, १९४६ चा परकीय नागरिकविषयक आणि २००० चा वाहतूकदारांच्या दायित्वाविषयक असे चार जुने कायदे रद्द होऊन त्यांची जागा या एकाच कायद्याने घेतली. व्हिसाची मुदत संपल्यानंतर देशात राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद त्यात आहे. उतारवयात नव्याने संसार थाटणाऱ्या जोडप्यासाठी कागदपत्रांतील दिरंगाई आता पूर्वीपेक्षा महाग पडू शकते.

निवड नव्हे, क्रम

आशियातील काही देशांत परदेशी निवृत्तांपुढे खरोखरच पर्याय असतात. थायलंडचे उदाहरण बोलके आहे. तेथे पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी व्यक्तीला निवृत्तीच्या आधारावर एकेका वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाथची ठेव किंवा दरमहा ६५ हजार बाथचे उत्पन्न दाखवावे लागते. थाई नागरिकाशी विवाह झालेला असल्यास ४ लाख बाथची ठेव किंवा दरमहा ४० हजार बाथचे उत्पन्न पुरेसे ठरते. विवाहाचा मार्ग स्वस्त, तर निवृत्तीचा मार्ग महाग असला तरी जोडीदारावर अवलंबून नाही. म्हणूनच ऐपत असलेले अनेक जण विवाहानंतरही निवृत्तीचाच आधार कायम ठेवणे पसंत करतात. विवाह मोडला किंवा जोडीदाराचे निधन झाले, तरी त्यांच्या वास्तव्याचा आधार ढळत नाही.

भारतात अशी निवड उपलब्ध नाही. येथे आहे तो पायऱ्यांचा क्रम : पर्यटक व्हिसा, त्यानंतर विवाह, मग प्रवेश व्हिसा, दोन वर्षांनंतर 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' म्हणजेच ओसीआय नोंदणी आणि इच्छा असल्यास सर्वांत शेवटी नागरिकत्व. यातील एखादी पायरी गाळता येते का आणि कोणत्या पायरीवर थांबणे हिताचे, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर व्हिसाच्या शुल्कात नव्हे, तर त्या पायरीवर असताना आपले वास्तव्य किती प्रमाणात दुसऱ्या व्यक्तीवर अवलंबून आहे, यात शोधावे लागते.

विवाह आणि तीस दिवसांचे गणित

भिन्न देशांच्या आणि बहुधा भिन्न धर्मांच्या जोडप्यांसाठी 'विशेष विवाह अधिनियम, १९५४' हा प्रचलित मार्ग आहे. वधूवरांपैकी किमान एकाने संबंधित जिल्ह्यात सलग तीस दिवस वास्तव्य केलेले असावे लागते. त्यानंतर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली जाते, ती तीस दिवस प्रसिद्ध राहते आणि आक्षेप नसल्यास तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती बाद ठरते.

वास्तव्याची अट भारतीय जोडीदार स्वतःच्या जिल्ह्यात पूर्ण करू शकतो. तरीही नोटिशीचे तीस दिवस टळत नाहीत. नोटीस देण्यासाठी दोघांनी एकत्र यावे आणि विवाहापर्यंत थांबावे, असे नियोजन असेल, तर तीस दिवसांचा ई-पर्यटक व्हिसा अपुरा पडतो. एक किंवा पाच वर्षांच्या ई-पर्यटक व्हिसावरही एका कॅलेंडर वर्षात एकूण १८० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. हा हिशेब विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच मांडणे इष्ट.

निवृत्तांच्या बाबतीत आणखी एक बाब कळीची ठरते. अनेकांचा हा दुसरा विवाह असतो. आधीच्या विवाहाचा घटस्फोट-हुकूमनामा किंवा दिवंगत जोडीदाराचा मृत्यूचा दाखला, तसेच स्वतःच्या देशाच्या दूतावासाकडून अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. कागद परक्या भाषेत असतील, तर प्रमाणित भाषांतर हवे. चाळीस वर्षांपूर्वीचा घटस्फोटाचा कागद एखाद्या दूरच्या न्यायालयाच्या दप्तरातून मिळवण्यातच कित्येक महिने जाऊ शकतात.

गोव्यात व्यवस्था वेगळी आहे. तेथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालू असून नागरी निबंधकापुढे आधी विवाहाचा इरादा नोंदवायचा आणि ठरावीक काळानंतर त्याची पुष्टी करायची, अशा दोन टप्प्यांत विवाहाची नोंद होते. विवाहपूर्व करार नसल्यास पती-पत्नीच्या मालमत्तेची सामाईक मालकी हा तेथील मूळ नियम आहे. दोन्ही बाजूंना पहिल्या विवाहाची मोठी मुले असतील, तर या नियमाचा विचार नोंदणीआधी करावा लागतो, कारण करार विवाहापूर्वीच व्हायला हवा.

प्रवेश व्हिसा : हक्क कमी, अवलंबित्व अधिक

पर्यटक व्हिसाला सर्वसाधारणपणे मुदतवाढ मिळत नाही आणि त्याचे अन्य व्हिसात रूपांतरही होत नाही. भारतीय नागरिकाशी झालेला विवाह हा त्याला असलेला महत्त्वाचा अपवाद. अशा वेळी परदेशी व्यक्ती देश न सोडता प्रादेशिक परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे, म्हणजेच एफआरआरओकडे, प्रवेश व्हिसासाठी अर्ज करू शकते. 'एक्स' या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या या व्हिसाचा 'एक्स-२' हा उपवर्ग भारतीय नागरिकांच्या आणि भारतीय वंशाच्या व्यक्तींच्या जोडीदारांसाठी आहे. अर्जाची प्रक्रिया ई-एफआरआरओ संकेतस्थळावरून चालते. जेथे एफआरआरओ नाही, अशा जिल्ह्यांत पोलीस यंत्रणा हे काम पाहते.

विवाहाचे नोंदणी प्रमाणपत्र हा या अर्जाचा केवळ आरंभ असतो. अर्जदाराची पूर्वपीठिका, पती-पत्नी प्रत्यक्ष एकत्र राहत असल्याची खातरजमा आणि सुरक्षाविषयक मंजुरी, असे तीन मुद्दे अहवालात तपासले जातात. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर दीर्घकाळ राहणाऱ्यांनी पहिल्या आगमनानंतर १४ दिवसांत नोंदणी करणे अपेक्षित आहे. घर बदलले, पासपोर्ट बदलला, तरी माहिती कळवावी लागते. परदेशी व्यक्तीला घरात उतरवून घेणाऱ्या घरमालकावरही तिची माहिती विहित नमुन्यात कळवण्याची जबाबदारी असते. भाड्याने घर घेणाऱ्या जोडप्यांना याची आठवण बहुधा घरमालकाच्या नकारातूनच होते.

हा व्हिसा एका वेळी पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीचा असू शकतो आणि त्याचे नूतनीकरणही होते. परंतु त्याचा पाया 'अमुक भारतीय नागरिकाचा जोडीदार' हाच राहतो. निवृत्त व्यक्तीला नोकरी करायची नसते. त्यामुळे रोजगारावरील निर्बंध तिला फारसे जाचत नाहीत. जाचते ती अनिश्चितता. दर नूतनीकरणाच्या वेळी संसार चालू असल्याचा पुरावा नव्याने द्यावा लागतो आणि त्यासाठी भारतीय जोडीदाराचे सहकार्य अपरिहार्य असते. घरातील मतभेद विकोपाला गेले, तर एका स्वाक्षरीचे वजन किती असते, हे अशा वेळी कळते.

ओसीआय : दोन वर्षांनंतरचा विसावा

नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ७अ नुसार भारतीय नागरिकाचा किंवा ओसीआय कार्डधारकाचा परदेशी वंशाचा जोडीदारही ओसीआय नोंदणीस पात्र ठरतो. विवाह नोंदणीकृत असावा आणि अर्जापूर्वी सलग किमान दोन वर्षे टिकलेला असावा, ही मुख्य अट. त्याखेरीज सुरक्षाविषयक पूर्वमंजुरी आवश्यक आहे. पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिकत्व असलेल्या वा पूर्वी असलेल्या व्यक्ती, तसेच ज्यांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा त्या देशांचे नागरिक होते अशा व्यक्ती, यास पात्र नाहीत.

ओसीआय कार्डामुळे भारतात कितीही वेळा येण्याची आणि कितीही काळ राहण्याची आजीवन मुभा मिळते. एफआरआरओकडील नोंदणीतून सूट मिळते. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे वगळता मालमत्ता खरेदीत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीचा दर्जा मिळतो. मतदानाचा हक्क आणि घटनात्मक पदे मात्र मिळत नाहीत. धर्मप्रसार, पत्रकारिता, संशोधन किंवा संरक्षित क्षेत्रातील प्रवास यांसाठी ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार विशेष परवानगी लागते. शुल्क भारतात अर्ज केल्यास १५ हजार रुपये, तर परदेशात २७५ अमेरिकी डॉलर आहे.

येथे क्रमाचे महत्त्व पुन्हा अधोरेखित होते. पर्यटक व्हिसावर भारतात असलेली व्यक्ती भारतातून ओसीआयसाठी अर्ज करू शकत नाही. ती येथील सर्वसाधारण रहिवासी असावी लागते. म्हणजे विवाहानंतर दोन वर्षे पर्यटक व्हिसावर ये-जा करत राहिलेल्या व्यक्तीला अर्जासाठी मायदेशीच्या भारतीय दूतावासात जावे लागते. ज्याने विवाहानंतर लगेच प्रवेश व्हिसा घेतला, त्याला तोच अर्ज पुणे, पणजी किंवा बंगळुरू येथे राहून करता येतो.

या तरतुदीचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडात तीन-चार दशके नोकरी करून तेथील नागरिकत्व घेतलेल्या आणि निवृत्तीनंतर पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे परतणाऱ्या मराठी कुटुंबांत परदेशी वंशाचे जोडीदार असतात. ओसीआय कार्डधारकाचा जोडीदार म्हणून त्यांना हाच मार्ग खुला आहे. फरक इतकाच, की त्यांच्या विवाहाला आधीच अनेक वर्षे झालेली असल्याने दोन वर्षांची प्रतीक्षा त्यांच्या वाट्याला येत नाही. परदेशातील विवाह प्रमाणपत्र अपोस्टील किंवा दूतावासाच्या साक्षांकनासह तयार ठेवणे, हेच त्यांचे मुख्य काम.

समलिंगी जोडप्यांना मात्र हा मार्ग मिळणे अवघड आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला विशेष विवाह अधिनियमाखाली मान्यता देण्यास नकार दिला आणि तो निर्णय संसदेकडे सोपवला. भारतात विवाहनोंदणीच शक्य नसल्याने विवाहावर आधारलेली पुढची सारी साखळी तेथेच थांबते.

विवाह संपला तर

ओसीआय कार्ड 'आजीवन' असले, तरी जोडीदार म्हणून मिळालेल्या कार्डाला एक अट चिकटलेली आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ७ड नुसार विवाह सक्षम न्यायालयाद्वारे किंवा अन्य प्रकारे संपुष्टात आल्यास, अथवा तो अस्तित्वात असताना कार्डधारकाने दुसरा विवाह केल्यास नोंदणी रद्द करता येते. कार्डधारकाने नवा पासपोर्ट काढला की त्याची प्रत संकेतस्थळावर टाकताना विवाह अद्याप टिकून असल्याचे घोषणापत्रही द्यावे लागते.

भारतीय वंशाच्या आधारावर ओसीआय झालेल्या व्यक्तीला घटस्फोटामुळे काही गमवावे लागत नाही. जोडीदार म्हणून ओसीआय झालेल्या व्यक्तीचे घटस्फोटामुळे देशात राहण्याचे कारणच संपुष्टात येऊ शकते. वीस वर्षे भारतात राहिलेली, येथेच मित्रपरिवार आणि डॉक्टर असलेली, मायदेशी घर न उरलेली पंच्याहत्तर वर्षांची व्यक्ती आणि दोन वर्षांपूर्वी आलेली व्यक्ती, या दोघांना कायद्याचे हे कलम एकाच मापाने मोजते.

जोडीदाराच्या मृत्यूचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कलम ७ड मध्ये मृत्यूचा स्पष्ट उल्लेख नाही. जोडीदाराचे निधन हे नोंदणी रद्द करण्याचे कारण म्हणून तेथे नमूद केलेले नाही, ही दिलासा देणारी बाब. पण 'अन्य प्रकारे' हे शब्द अर्थ लावण्यास जागा ठेवतात. उतारवयातील विवाहांत घटस्फोटापेक्षा वैधव्य अथवा विधुरत्व अधिक संभवते. हे लक्षात घेता एवढी महत्त्वाची बाब अर्थावर सोडण्याऐवजी कायद्यात स्पष्ट शब्दांत असणे आवश्यक आहे. प्रवेश व्हिसावर असलेल्या व्यक्तीची स्थिती तर याहून कमकुवत असते, कारण तिथे आधार देणारी व्यक्तीच उरलेली नसते.

घर, वारसा, कर आणि निवृत्तिवेतन

व्हिसाच्या प्रकारावरून घराचा प्रश्नही ठरतो. भारताबाहेर निवासी असलेल्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी व्यक्तीला परकीय चलन व्यवस्थापन अधिनियमानुसार, म्हणजेच फेमानुसार, येथे स्थावर मालमत्ता खरेदी करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. केवळ सहा महिने भारतात राहिल्याने कोणी 'निवासी' ठरत नाही. वास्तव्याचा हेतूही पाहिला जातो आणि पर्यटक व्हिसा त्या हेतूच्या विरोधात जातो. गोव्यात परदेशी नागरिकांनी केलेल्या मालमत्ता खरेदीची सक्तवसुली संचालनालयाने पूर्वी चौकशी केली होती, हे या संदर्भात विसरता येणार नाही. फेमाखाली निवासी ठरलेल्या व्यक्तीकडून मिळालेला वारसा मात्र परदेशी जोडीदार आपल्याकडे ठेवू शकतो.

विशेष विवाह अधिनियमाखाली विवाह झाल्यास वारसा सामान्यतः भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ठरतो. मृत्युपत्र नसेल आणि मृत व्यक्तीला मुले असतील, तर हयात जोडीदाराला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश वाटा मिळतो. ज्या घरात दोघे राहत होते, तेच घर पहिल्या विवाहाच्या मुलांसोबत वाटून घेण्याची वेळ हयात जोडीदारावर येऊ शकते. म्हणून व्हिसाच्या अर्जाइतकेच मृत्युपत्रही निकडीचे आहे.

प्राप्तिकराचा संबंध व्हिसाशी नाही, दिवसांशी आहे. एका आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते. नव्याने आलेल्या व्यक्तीला पहिली दोन-तीन वर्षे 'निवासी, परंतु सर्वसाधारण निवासी नाही' असा मधला दर्जा मिळतो आणि तोवर परदेशातील उत्पन्नावर येथे सामान्यतः कर लागत नाही. त्यानंतर जगभरातील उत्पन्न, निवृत्तिवेतनासह, भारतीय विवरणपत्रात दाखवावे लागते. दुहेरी कर टाळण्याचे करार यात सवलत देतात, मात्र त्यांच्या तरतुदी देशागणिक वेगळ्या आहेत.

मायदेशाची बाजूही तपासावी लागते. ब्रिटनचे राज्य निवृत्तिवेतन भारतात राहणाऱ्यांना मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. भारतात स्थायिक होताना जी रक्कम असते, तीच पुढे गोठते. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेचे संरक्षण देशाबाहेरील उपचारांना सर्वसाधारणपणे नाही. साठीनंतर भारतात नवा आरोग्यविमा काढताना आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आणि चढा हप्ता यांचा हिशेब या गोठलेल्या उत्पन्नातूनच करायचा असतो.

शेवटची पायरी नागरिकत्वाची. भारतीय नागरिकाशी विवाह झालेली व्यक्ती सात वर्षांच्या सर्वसाधारण वास्तव्यानंतर नोंदणीद्वारे नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. तेव्हा विवाहावरील अवलंबित्व खऱ्या अर्थाने संपते. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मूळ पासपोर्ट सोडावा लागतो आणि मायदेशातील मुला-नातवंडांकडे जाण्यासाठी मग तेथील व्हिसा मागावा लागतो. सत्तरीत हा निर्णय सोपा नसतो.

राज्याची सावधगिरी आणि धोरणातील उणीव

व्यवस्थेची ही सावधगिरी निराधार नाही. केवळ कागदोपत्री केलेले विवाह जगभरच्या यंत्रणांना सतावतात. दोन वर्षांची प्रतीक्षा, एकत्र राहत असल्याची खातरजमा आणि सुरक्षा मंजुरी या अटी त्यासाठीच आहेत. अनेक ज्येष्ठ भारतीय स्त्री-पुरुषांचे हितही या तपासणीत सामावलेले आहे. केवळ वास्तव्याच्या सोयीसाठी विवाह करणाऱ्या व्यक्तीपासून त्यांचे संरक्षण व्हायलाच हवे.

तथापि सुरुवातीची कठोरता आणि कायमचे अवलंबित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. खोटा विवाह पहिल्या काही वर्षांत ओळखता येतो. दहा-पंधरा वर्षे टिकलेल्या संसाराच्या अखेरीला तीच शंका लागू करण्यात सुरक्षेचे हित फारसे साधले जात नाही. ठरावीक वर्षांच्या अखंड आणि निर्दोष वास्तव्यानंतर ओसीआय नोंदणी विवाहापासून स्वतंत्र करणे, विधवा-विधुरांचे संरक्षण कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिणे आणि स्वतःच्या उत्पन्नावर जगणाऱ्या ज्येष्ठांसाठी मर्यादित स्वरूपाचा निवृत्ती व्हिसा सुरू करणे, हे तीन बदल सध्याच्या चौकटीत बसणारे आहेत. निवृत्ती व्हिसाचा आणखी एक लाभ असा, की वास्तव्यासाठी विवाह करण्याचे प्रलोभनच त्यामुळे कमी होईल.

तोवर परदेशी निवृत्तासाठी व्यवहार्य क्रम ठरलेला आहे : विवाहाआधी मालमत्तेचा आणि पूर्वविवाहाच्या कागदांचा निकाल लावणे, विवाहानंतर विनाविलंब प्रवेश व्हिसा घेणे, दोन वर्षे पूर्ण होताच ओसीआयसाठी अर्ज करणे आणि दोघांचीही मृत्युपत्रे त्याच काळात नोंदवणे. नागरिकत्वाचा निर्णय सात वर्षांनी, निवृत्तिवेतन आणि मायदेशातील नाती यांचा हिशेब मांडून घेता येतो. यातील पहिली दोन वर्षे सर्वांत नाजूक असतात आणि कागदपत्रांतील चुकाही बहुतेक त्याच काळात होतात.